अणूचा आयन होतो तेव्हा ऊर्जेचं बिल कोण भरतं?

शेवग्याचीशेंग
मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. काल रात्री एका गोष्टीवरून आमची दोघींची जुंपली आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून इथे विचारतेय.

आपण सगळे शाळेत शिकलोय: सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन, क्लोरीनला एक कमी. सोडियमने दिला, क्लोरीनने घेतला, दोघांचे झाले आयन (म्हणजे भारित अणू), दोघांची अष्टकं (बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, झालं मीठ. तिच्या क्लासचे सरही हेच सांगतात. पण गाइडातल्या तक्त्यात सोडियमची आयनीभवन ऊर्जा ४९६ किलोज्यूल प्रति मोल दिली आहे. म्हणजे तो इलेक्ट्रॉन सुटा करायला बाहेरून एवढी ऊर्जा घालावी लागते. क्लोरीनला इलेक्ट्रॉन मिळाला की ३४९ सुटतात. हिशोब केला तर १४७ चा खड्डा. मग हे होतंच कशाला? नुसत्या अष्टकाच्या हौसेपोटी?

आणि दुसरं. सासऱ्यांच्या रिपोर्टात सोडियम १२८ आलंय. त्यावर लेकीचा प्रश्न, "सोडियम पाण्यात टाकलं की पेट घेतं ना? मग आजोबांच्या रक्तात ते गप कसं बसलंय?"

जाणकारांच्या प्रतीक्षेत.

झणझणीत_रस्सा
अष्टक पूर्ण होतं म्हणून. विषय संपला. याच उत्तरावर आम्ही पैकीच्या पैकी घेतलेत.

मोरावळा
रस्साभाऊ, मार्क मिळाले ते ठीक, १४७ कुठून आले ते सांगा की.

निवृत्त_मास्तर
शेंगताई, लेकीला शाबासकी द्या. खड्डा खरा आहे. एकही अणू आपणहून इलेक्ट्रॉन टाकून देत नाही. सगळ्या मूलद्रव्यांत सर्वात सहज इलेक्ट्रॉन सोडणाऱ्यांत सीझियमचं नाव येतं, त्यालासुद्धा ३.८९ इलेक्ट्रॉनव्होल्ट (एकेका अणूमागची ऊर्जा मोजायचं छोटं एकक) मोजावे लागतात. सोडियमला ५.१४, हायड्रोजनला १३.६, आणि सर्वात चिकट हेलियम, २४.६. शून्य किंवा ऋण आकडा कुणाचाच नाही. त्यामुळे आयन दिसला की पहिला प्रश्न हा विचारायचा: बिल कोणी भरलं?

मिठाच्या बाबतीत ते भरतं दोन आयनांमधलं आकर्षण. सोडियमचा एक अणू आणि क्लोरीनचा एक अणू एकमेकांपासून लांब ठेवा, काहीही होणार नाही. तुमचा १४७ चा खड्डा म्हणजे अणूच्या जोडीमागे साधारण दीड इलेक्ट्रॉनव्होल्ट. आता त्यांना जवळ आणा. अंतर ०.९५ नॅनोमीटरच्या आत आलं की धन आणि ऋण आयनांच्या ओढीतून मिळणारी ऊर्जा दीड इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर जाते आणि इलेक्ट्रॉन उडी मारतो. मिठाच्या स्फटिकात हे अंतर ०.२८ नॅनोमीटर आहे, शिवाय प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराचे सहा शेजारी.

पूर्ण ताळा असा, मोलमागे किलोज्यूलमध्ये. धातूतून सोडियमचा अणू सुटा करायला १०७, त्याचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६, क्लोरीनच्या रेणूतून एक अणू तोडायला १२१. एकूण खर्च ७२४. जमा बाजूला क्लोरीनकडून ३४९ आणि स्फटिक जुळताना ७८७, म्हणजे ११३६. शिल्लक ४१२. प्रयोगात मोजलेला आकडा ४११ आहे. ही हिशोबाची रीत बॉर्न आणि हेबर यांची, १९१९ सालची.

आता अष्टक. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात, पहिल्याच्या नऊपट. तेवढं बिल भरणारा स्फटिकच नाही, म्हणून सोडियम एकावर थांबतो. मॅग्नेशियमचे दोन इलेक्ट्रॉन काढायला ७३८ अधिक १४५१ लागतात, पण मॅग्नेशियम ऑक्साइडचा स्फटिक ३८०० च्या आसपास परत देतो, म्हणून तिथे दोन परवडतात. त्यातही गंमत बघा: ऑक्सिजनला दुसरा इलेक्ट्रॉन अजिबात नको असतो, तो आत कोंबायला ऊर्जा लागते. तरी पुस्तक म्हणतं, ऑक्सिजन दोन घ्यायला आतुर! अष्टक हा हिशोबाचा निकाल आहे, कारण नव्हे.

मोरावळा
मास्तर, दंडवत. वाचनखूण साठवली.

झणझणीत_रस्सा
म्हणजे आमचे मार्क परत द्यायचे का आता?

खमंग_काकडी
मस्त धागा. गॅसच्या निळ्या ज्योतीत मिठाची चिमूट टाकली की ज्योत पिवळीधमक होते, ते पण आयनीभवनच ना? सोडियमचा इलेक्ट्रॉन उडून जातो तेव्हाचा रंग.

निवृत्त_मास्तर
@काकडी, नाही. तो पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे २.१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. इलेक्ट्रॉन अणूतच राहतो, फक्त वरच्या पातळीवर जाऊन परत खाली येतो. बाहेर पडायला ५.१४ लागतात. ज्योतीत थोडे सोडियम अणू खरोखर आयन होतात, पण तुम्हाला दिसतो तो पिवळा रंग न सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा.

वायरमन_तात्या
मास्तरांनी केमिस्ट्री सांगितली, मी ट्यूबलाइटची सांगतो. चाळीस वॉटची जुनी पट्टी, चोक (तारेची गुंडाळी) आणि स्टार्टरवाली. हल्ली एलईडीने तिचा धंदा बसवला, पण आयन बघायचे तर हीच.

ट्यूबमध्ये थोडा आर्गॉन आणि पाऱ्याचा एक ठिपका असतो. बटण दाबलं की आधी स्टार्टर कामाला लागतो. त्याचं अॅल्युमिनियमचं टोपण काढून बघा, आत छोटा काचेचा फुगा, त्यात वायू आणि वाकलेली पत्ती. २३० व्होल्ट आले की फुग्यातला वायू आयन होऊन जांभळट चमकतो, पत्ती तापते, वाकते, टोकं चिकटतात. आता करंट ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या फिलामेंटमधून जातो, ती लाल होतात आणि इलेक्ट्रॉन सोडायला लागतात. तोवर फुगा विझलेला, पत्ती गार होऊन सुटते. सुटली की चोक काही शे व्होल्टचा झटका मारतो. त्या झटक्याने इलेक्ट्रॉन पळतात, आर्गॉनवर आदळतात, आर्गॉन पाऱ्याला पेटवतो, आणि ट्यूब लागली. म्हणून ती दोनदा पापणी मारते.

लोक समजतात चोक फक्त चालू करायला. एकदा आयन झाले की प्रत्येक इलेक्ट्रॉन आणखी इलेक्ट्रॉन सोडवत सुटतो, करंट वाढतच जातो. त्याला लगाम घालतो तोही चोकच. चोक शॉर्ट झालेली ट्यूब किती वेळ टिकते ते मी पाहिलंय, फार वेळ नाही. टोकं काळी पडून फडफडणारी ट्यूब म्हणजे फिलामेंटवरचा लेप संपला, इलेक्ट्रॉन पुरेसे सुटत नाहीत. स्टार्टर बदलून उपयोग नसतो, पण गिऱ्हाईक आधी स्टार्टरच मागतं.

निवृत्त_मास्तर
तात्या, झकास! "आर्गॉन पाऱ्याला पेटवतो" यात एक बारकावा आहे. आर्गॉनला आयन करायला १५.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, पाऱ्याला १०.४. धक्का बसलेला आर्गॉन अणू बऱ्याचदा आयन न होता ११.५ च्या पातळीवर अडकून बसतो. तसाच तो पाऱ्याच्या अणूला भेटला की ती ऊर्जा त्याला देऊन टाकतो, आणि पाऱ्याला तर १०.४ च पुरेत. म्हणजे इथे बिल चोकच्या झटक्याचं, पण पैसे आर्गॉनच्या हातून दिले जातात.

चावडीवरचा
तात्या, एक शंका. स्टार्टरच्या फुग्यात तर गरम फिलामेंट नाही. मग तिथे पहिला इलेक्ट्रॉन येतो कुठून?

आकाशकंदील
याचं उत्तर मी देतो, माझ्या आवडीचा प्रांत आहे. हवेत, काचेत, भिंतीत, सगळीकडे कणभर किरणोत्सर्ग असतो आणि वरून वैश्विक किरण येत असतात. त्यामुळे कुठल्याही वायूत एखादा सुटा इलेक्ट्रॉन केव्हाही सापडतोच. पूर्वी काही स्टार्टरांत मुद्दाम क्रिप्टॉन-८५ या किरणोत्सर्गी वायूचा अंश घालत, पहिल्या इलेक्ट्रॉनसाठी ताटकळावं लागू नये म्हणून.

एकेकाळी समजूत होती की हवेतले आयन जमिनीतल्या किरणोत्सर्गामुळे होतात, त्यामुळे वर जावं तसे ते कमी व्हायला हवेत. व्हिक्टर हेस नावाचा ऑस्ट्रियन गडी ऑगस्ट १९१२ मध्ये उपकरणं घेऊन फुग्यातून ५ किलोमीटरच्या वर गेला. तिथे आयनीभवन जमिनीवरच्यापेक्षा कित्येक पट जास्त निघालं. म्हणजे बिल भरणारा वर बसलाय! १९३६ चं नोबेल त्याला मिळालं.

जुना_श्रोता
आकाशकंदील, मग आमच्या रेडिओचं पण सांगा. गावी रात्री मीडियम वेव्हवर कुठली कुठली कन्नड, तमिळ स्टेशनं खरखरत लागायची आणि सकाळी उन्हं वर आली की गायब. काका म्हणायचे, रात्री हवा स्वच्छ असते म्हणून.

आकाशकंदील
काकांनी हवेला नाहक श्रेय दिलं. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण वरच्या वातावरणातल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात. ६० ते ९० किलोमीटरच्या थरात दिवसा जे आयन होतात ते मीडियम वेव्ह गिळतात. तिथे हवा त्यातल्या त्यात दाट, त्यामुळे सूर्य बुडाला की इलेक्ट्रॉन आणि आयन एकमेकांना लगेच गाठतात आणि थर विरतो. अडीचशे-तीनशे किलोमीटरवर हवा इतकी विरळ की सुट्या इलेक्ट्रॉनला जोडीदारच मिळत नाही, तो थर रात्रभर टिकतो. रात्री तुमची तमिळ गाणी त्याला आपटून खाली यायची.

हाच मुद्दा ताऱ्यांतही लागतो. सूर्याच्या वर्णपटात (प्रकाशाची रंगांत केलेली फोड) कॅल्शियमच्या आयनांच्या रेषा वरच्या विरळ थरातही ठळक दिसत, आणि त्या का हे कुणाला कळत नव्हतं. मेघनाद साहांनी १९२० मध्ये गणित मांडलं: आयन किती होणार हे तापमानावर तर असतंच, पण दाबावरही असतं. विरळ जागी सुटलेला इलेक्ट्रॉन परत पकडला जायची शक्यता कमी, म्हणून आयन जास्त. तेव्हा साहा सव्वीस वर्षांचे होते. पुढे १९२५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी हेच समीकरण वापरून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. तोवर लोक वर्णपटात लोखंड-कॅल्शियमच्या रेषा ठळक म्हणून सूर्यही पृथ्वीसारख्याच मालाचा धरून चालले होते.

देवगडकर_हापूस
सूर्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या विजयदुर्गाला विसरू नका. १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने किल्ल्यावरून हेलियम शोधला. साहेबाचे कट्टे अजून आहेत, या बघायला.

आकाशकंदील
कट्टे आहेत, बघायला जरूर जावं. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यानसेन गुंटूरला होता, आणि लॉकियरने २० ऑक्टोबरला इंग्लंडातूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला.

देवगडकर_हापूस
पुण्यामुंबईच्या लोकांना कोकणाचं काही चांगलं झालेलं बघवत नाही. (हलके घ्या.)

सजग_नागरिक
एवढं आयन-आयन चाललंय तर मुद्द्याचं बोला. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर बसवतायत. त्याचं रेडिएशन शरीरातल्या रेणूंचे आयन करत असणार. त्यावर कुणी बोलत नाही.

निवृत्त_मास्तर
बोलूया की. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला १२.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा एक फोटॉन, म्हणजे ऊर्जेची एक पुडी, ०.०००००७४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. फरक सतरा लाख पटींचा.

सजग_नागरिक
पण टॉवर चोवीस तास चालू असतो. थोडं थोडं करून साठेलच ना?

निवृत्त_मास्तर
साठत नाही. इलेक्ट्रॉन एकावेळी एकाच फोटॉनकडून घेतो आणि तो पुरेसा नसेल तर व्यवहार होत नाही. हप्त्याची सोय नाही. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये प्रकाशविद्युत परिणामाचा उलगडा केला तो हाच. या लहरींनी फार तर ऊती किंचित तापतात, टॉवरच्या मर्यादा त्या हिशोबाने ठरवतात. एक्स-रेचा फोटॉन हजारो इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो, म्हणून तिथला माणूस शिशाचा एप्रन घालतो.

सजग_नागरिक
कंपन्यांच्या बाजूने बोलणारे सगळीकडे असतात. असो.

मोरावळा
मास्तर, सोडा. जाता जाता, एका ओळखीच्यांनी मला "निगेटिव्ह आयन" लॉकेट घ्यायचा आग्रह धरलाय. गळ्यात घातलं की दिवसभर आयन सोडतं म्हणे. चार हजार रुपये.

आकाशकंदील
मोरावळा, या धाग्याच्या भाषेत विचारा: बॅटरी नाही, वायर नाही, मग बिल कोण भरतंय? लॉकेट खरंच आयन सोडत असेल तर आत किरणोत्सर्गी काहीतरी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने अशा काही वस्तू तपासल्या आणि त्या किरणोत्सर्गी निघाल्या, वापरू नका म्हणून जाहीर केलं. आणि सोडत नसेल तर चार हजार गेले. धबधब्याजवळ थेंब फुटताना हवेत ऋण आयन होतात हे खरं, लेनार्ड या शास्त्रज्ञाने १८९२ मध्येच मोजलं होतं. पावसाळ्यात आंबोलीला जा, स्वस्तात पडेल.

मोरावळा
दोन्हीकडून माझंच नुकसान. घेत नाही.

डॉ_गावठी
सगळे रेडिओ, ट्यूब, लॉकेटं करून आले, आजोबा राहिलेच.

शेंगताई, रक्तात असतो तो सोडियमचा आयन, धातू नव्हे. धातूतला अणू ११ इलेक्ट्रॉनांचा, आयन १० चा, निऑनइतका. पेट घेण्याचं कारण होतं तो अकरावा इलेक्ट्रॉन, आणि तो केव्हाच गेलेला असतो. पेशीचे पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात, पण यात आयन तयार होत नाहीत की मोडत नाहीत, नुसते इकडून तिकडे होतात.

आता १२८. सर्वसाधारण मर्यादा १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर. घरोघरी पहिला उपाय होतो तो म्हणजे ताटात मीठ वाढवणे. कृपया नको. वयस्कर माणसात सोडियम कमी दिसण्याचं कारण बहुतेकदा शरीरात पाणी जास्त होणं असतं, किंवा बीपीच्या काही गोळ्या. आणि ते भराभर वर नेलं तर मेंदूला इजा होते, म्हणून दवाखान्यातही हळूहळू वाढवतात. सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. गोंधळल्यासारखं बोलत असतील किंवा फार झोपाळले असतील तर आजच.

शेवग्याचीशेंग
धन्यवाद डॉक्टर. बीपीची गोळी बदलली होती गेल्या महिन्यात. उद्या सकाळीच नेतो.

लेक विचारतेय, धातू पाण्यात पेट घेतो तेव्हा तो अकरावा इलेक्ट्रॉन जातो कुठे?

निवृत्त_मास्तर
पाण्यात. आणि ही गोष्ट अगदी अलीकडे नीट कळली. पूर्वी सांगत की हायड्रोजन निघतो, उष्णतेने पेटतो, म्हणून धडाका. पण नुसत्या हायड्रोजनचं आणि वाफेचं आवरण धातूभोवती तयार झालं तर पाणी धातूपर्यंत पोचणारच नाही आणि प्रकार थंड पडायला हवा. २०१५ मध्ये प्रागच्या पावेल युंगविर्थ यांच्या गटाने सोडियम-पोटॅशियमच्या द्रव मिश्रणाचा थेंब पाण्यात सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. मिलिसेकंद पुरा व्हायच्या आत थेंबातून चहूकडे धातूचे काटे बाहेर आले. पृष्ठभागावरचे अणू इलेक्ट्रॉन पाण्यात टाकून धन झाले, मागे राहिलेले धन आयन एकमेकांना ढकलू लागले आणि थेंब फुटला. फुटल्यामुळे नवा पृष्ठभाग, नवं पाणी, पुढचा धडाका. बिल पाण्याचं: सोडियमच्या आयनाला पाण्याच्या रेणूंनी घेरलं की मोलमागे ४०० किलोज्यूलच्या आसपास सुटतात.

चावडीवरचा
म्हणजे मीठ पाण्यात टाकल्यावर आयन होतात तेही असंच?

निवृत्त_मास्तर
चावडीकर, मिठाच्या खड्यात ते आधीच आयन असतात. पाणी त्यांना फक्त सुटे करतं. स्फटिक मोडायला जितकं लागतं जवळजवळ तितकंच पाणी परत देतं, म्हणून मीठ विरघळताना भांडं गरम होत नाही, उलट अगदी किंचित गार होतं.

रेणूचा आयन पाण्यात होताना बघायचा तर हायड्रोजन क्लोराइड वायू घ्या. त्यात आयन नसतात, साधा रेणू असतो. एकटा असताना त्याला धन-ऋण तुकड्यांत फोडायला १३९५ किलोज्यूल लागतात, कुठल्याही ज्योतीला न झेपणारी रक्कम. पाण्यात मात्र तो चट्दिशी फुटतो, कारण पाण्याचे रेणू दोन्ही तुकड्यांना घेरून त्याहून ७५ जास्त परत देतात. व्हिनेगरचं आम्ल तेवढं नशीबवान नाही, त्याचे हजारात चार-पाचच रेणू फुटलेले असतात. आणि शुद्ध पाण्याचं स्वतःचं म्हणाल तर ५५ कोटी रेणूंत एक.

शेवग्याचीशेंग
सासऱ्यांची गोळी बदलून दिली, आता बरे आहेत. लेकीने क्लासमध्ये ७२४ आणि ११३६ चा ताळा फळ्यावर मांडला. सर बघत राहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे, पण सीईटीला मिनिटात उत्तर लागतं."

खमंग_काकडी
तात्या, जाता जाता. घरचा टेस्टर चमकतो तेही आयनच का? आणि तो टॉर्चच्या सेलला का लागत नाही?

वायरमन_तात्या
हो, आत निऑनची छोटी पुंगळी असते. तिला पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात, दीड व्होल्टचा सेल तिला ओळखतच नाही. सोबत मोठा रेझिस्टन्स असतो म्हणून तुमच्या अंगातून नावापुरताच करंट जातो. पण टेस्टर चमकला नाही म्हणजे सप्लाय नाही असं धरून तारेला हात घालू नका. पुंगळी जुनी झाली की मंद होते, उन्हात तर दिसतही नाही. आधी चालू प्लगमध्ये टेस्टर घालून बघायचा, मग काम. मेन स्विच पाडलात तर उत्तमच.